आधी नकाशा, मग पांदण

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

मेळघाटात एखादा माणूस वाट चुकला तर कोणाला नवल वाटत नाही. तिथे जंगल आहे, दऱ्या आहेत, एका वळणासारखे दुसरे वळण आहे. पण भातकुलीच्या सपाट मुलखातही माणूस वाट चुकतो असे सांगितले, तर लोक हसतात. "इथं काय चुकाचं हाय? सारं तं समोर दिसते!"

खरी अडचण तीच आहे. इथे सारे दिसते, पण सारे सारखेच दिसते. काळी जमीन, कपाशीचे वावर, त्यात तुरीच्या ओळी, मधे बाभळीची रांग आणि पुढे पुन्हा वावर. दिवाळीच्या सुमारास तूर डोक्याइतकी वाढली की समोरचे गावही दिसेनासे होते. ज्याच्याकडे बघून दिशा धरावी असा डोंगर जवळ नाही. नवखा माणूस एका धुऱ्यावरून दुसऱ्या धुऱ्यावर जातो आणि शेवटी पेढी नदीच्या किंवा एखाद्या खोल नाल्याच्या काठावर येऊन थांबतो. पलीकडचे गाव हाकेच्या अंतरावर असते, पण नाला ओलांडायची जागा ठाऊक नसते. वैशाखात ही चूक जिवावर बेतू शकते, कारण पारा पंचेचाळिशीला टेकलेला असतो आणि वाटेतल्या विहिरीचे पाणी पिण्याजोगे असेलच असे नाही. पावसाळ्यात ती वेगळ्या तऱ्हेने बेतते, कारण वरच्या अंगाला पाऊस झाला की कोरडा नाला बघता बघता भरून वाहू लागतो.

आणि पायी चालणे आपल्याकडे अजून संपलेले नाही. शेतमजूर चालतात, शाळेची मुले चालतात. पौषातल्या रविवारी पूर्णाकाठच्या ऋणमोचनच्या यात्रेला माणसे पायी निघतात. गाडगेबाबांच्या सेवेमुळे ऋणमोचन साऱ्या महाराष्ट्राला माहीत झाले आणि ते याच भातकुली तालुक्यात आहे. शेगावला जाणाऱ्या दिंड्या असतात, हौसेने चालणारी तरुण मंडळी असतात. या सगळ्यांना वाट सांगणारा कोणी ना कोणी भेटतो, हे खरे. पण "लिंबापासून डाव्या अंगाले वळा" असे सांगणाऱ्याला त्याचे लिंब ठाऊक असते, आपल्याला त्या वाटेवर सात लिंबे दिसतात.

म्हणून नकाशा हवा. पण नकाशा म्हणजे वाट चुकल्यावर खिशातून काढायचे औषध नव्हे. तो घरी, पेन्सिल हातात घेऊन, निघण्याआधी वाचायचा असतो. वाटेत तो फक्त पडताळून पाहायचा. आणि वाचताना तीन प्रश्न विचारायचे: हा नकाशा कोणी काढला? कधी काढला? कशासाठी काढला? नकाशा ही एक साक्ष आहे. साक्षीदार खोटा नसतो, पण त्याने जे पाहिले आणि त्याला जे विचारले गेले, तेवढेच तो सांगतो.

एका गावाचे तीन नकाशे

आज कोणत्याही गावाचे निदान तीन नकाशे आपल्याला मिळू शकतात. पहिला महसूल खात्याचा गावनकाशा. दुसरा भारतीय सर्वेक्षण विभागाचा, म्हणजे सर्व्हे ऑफ इंडियाचा नकाशा, ज्याला आपण टोपोशीट म्हणतो. आणि तिसरा हातातल्या मोबाइलवरचा. तिन्ही त्याच गावाचे आहेत, पण तिघांनाही वेगवेगळे काम दिलेले आहे.

गावनकाशाला एकच गोष्ट सांगायची असते: जमीन कोणत्या क्रमांकाची आणि तिची हद्द कुठे. टोपोशीट सांगते जमीन कशी आहे: चढ, उतार, पाणी, झाडी, वाटा. आणि मोबाइल मुख्यतः गाडीवाल्याला सांगतो, डांबरी रस्ता कुठून जातो. पायी चालणाऱ्याने तिघांचीही साक्ष घ्यावी आणि मग निर्णय करावा.

गावनकाशा : शिव, धुरा आणि पांदण

वऱ्हाड १८५३ साली निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आला. पुढे १८६० च्या दशकात इथे मुंबई इलाख्याच्या पद्धतीने शेतवार मोजणी सुरू झाली. हेतू सरळ होता, शेतसारा ठरवणे. म्हणून त्या नकाशात प्रत्येक वावराला क्रमांक आहे. जिथे पुढे जमिनींचे एकत्रीकरण झाले, तिथे सर्व्हे नंबरच्या जागी गट नंबर आले. हा नकाशा तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात मिळतो. 'महाभूनकाशा' या सरकारी संकेतस्थळावरही तो पाहता येतो. कोर्टकचेरीच्या कामाला मात्र कार्यालयाची प्रमाणित प्रतच लागते.

हा नकाशा हाती आला की आधी चार गोष्टी शोधा. पहिली, उत्तर दिशेचा बाण. दुसरी, प्रमाण. नकाशा एकास दहा हजार प्रमाणाचा असेल, तर कागदावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे १०० मीटर. एकास पाच हजार असेल तर एक सेंटिमीटर म्हणजे ५० मीटर. नकाशाची छोटी झेरॉक्स काढली की हे गणित बिघडते, कारण कागद आखडतो आणि आकडा तसाच राहतो. तिसरी गोष्ट, गावाची शिव, म्हणजे बाहेरची हद्द. आणि चौथी, रस्ते.

रस्ते ओळखण्यातच चालणाऱ्याचा खरा लाभ आहे. गावनकाशात पायमार्ग एका तुटक रेषेने दाखवतात. गाडीमार्ग दोन समांतर तुटक रेषांनी दाखवतात. या गाडीमार्गाला आपण पांदण म्हणतो. दोन गावांच्या शिवेवरून जाणारा तो शिवरस्ता. त्यांच्या रुंदीची मापे महसूल खात्यात ठरलेली आहेत. पायमार्ग ८.२५ फूट, गाडीमार्ग १६.५ ते २१ फूट.

हे आकडे असे अपुरे का? कोणी दहा किंवा वीस फूट असा पुरा आकडा का धरला नाही? याचे उत्तर मोजणीच्या साखळीत आहे. जुन्या मोजणीची साखळी ३३ फूट लांबीची असे आणि तिचे रुपयासारखे सोळा आणे पाडलेले असत. ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद जागा म्हणजे १०८९ चौरस फूट, म्हणजेच आपला एक गुंठा. अशा ४० गुंठ्यांचा एक एकर. आता पाहा. १६.५ फूट म्हणजे बरोबर अर्धी साखळी, आठ आणे. ८.२५ फूट म्हणजे पाव साखळी, चार आणे. माप घेणाऱ्याच्या हातात जी साखळी होती, तिच्याच हिशेबाने आपल्या पांदणीची रुंदी ठरली.

हे समजले की आणखी एक गोष्ट उमगते. पुष्कळ ठिकाणी गाडीमार्ग शेतकऱ्याच्या गट क्रमांकातूनच जातो. तेवढ्या जागेची नोंद पोटखराब वर्ग ब म्हणून असते, म्हणजे सार्वजनिक वापरासाठी राखलेली आणि आकारणी न झालेली जागा. नांगर दर वर्षी एकेक वीत पुढे सरकतो. पंधरा-वीस वर्षांत पांदणीची पायवाट होते, पायवाटेचे काटेरी कुंपण होते, आणि मग नवीन पिढी म्हणते, "इथं रस्ता कधी नोयताच!" जमिनीवरची रेषा पुसली गेली तरी कागदावरच्या दोन तुटक रेषा मात्र तिथेच असतात. ज्याला त्या वाचता येतात, त्याला बोलता येते. असलेली वाट कोणी अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदाराकडे दाद मागता येते. वावरात जायला वाटच नसेल, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४३ प्रमाणे धुऱ्यावरून वाट मागता येते. दोन्ही अर्ज वेगळे आहेत. कोणता करायचा, हे ठरवण्यासाठीही आधी नकाशाच उघडावा लागतो: वाट नकाशात आहे की नाही?

गावनकाशाची मर्यादाही लक्षात घ्या. त्याला चढ-उतार ठाऊक नाही. नाला त्यात दिसतो, पण तो गुडघाभर आहे की दोन पुरुष खोल, हे तो सांगत नाही. शिवेपलीकडे तर हा साक्षीदार गप्पच होतो. शेजारच्या गावासाठी शेजारचा नकाशा घ्यावा लागतो. म्हणून दुसऱ्या साक्षीदाराकडे जायचे.

टोपोशीट : जमिनीचा चेहरा

भारतीय सर्वेक्षण विभागाची सुरुवात १७६७ सालची. या कामाचा एक धागा आपल्या विदर्भाशी जोडलेला आहे. विल्यम लॅम्बटन नावाच्या अधिकाऱ्याने १८०२ साली मद्रासजवळ मोजणी सुरू केली आणि त्रिकोणाला त्रिकोण जोडत तो उत्तरेकडे सरकत राहिला. दोन ठिकाणांमधले अंतर अचूक मोजायचे, मग तिसऱ्या ठिकाणचे कोन घ्यायचे, आणि उरलेली अंतरे गणिताने काढायची, अशी ती रीत. वीस वर्षे हे काम करून तो हैदराबादेहून नागपूरकडे निघाला असता २० जानेवारी १८२३ रोजी वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला मरण पावला. त्याची कबर तिथेच आहे. त्याचे काम पुढे जॉर्ज एव्हरेस्टने नेले. आपल्या टोपोशीटवरचे गाव त्याच्या जागेवर अचूक दिसते, ते या त्रिकोणांच्या जाळ्यामुळे.

टोपोशीटला पत्ता असतो. जुन्या पद्धतीत भातकुलीचा भाग ५५ एच/९ या कागदावर येतो. ५५ म्हणजे चार अंश लांब-रुंद असा मोठा चौकोन. त्याचे एकेका अंशाचे सोळा भाग, त्यांना ए ते पी अक्षरे. त्यातला एच. त्याचे पुन्हा पंधरा-पंधरा कलांचे सोळा भाग, त्यातला नववा. अमरावती शहर ७७ अंश ४५ कला या रेखावृत्तावरच वसलेले आहे आणि नेमका तिथे कागद बदलतो. शहराचा पूर्वेकडचा भाग ५५ एच/१३ वर जातो. म्हणजे शहरातून भातकुलीकडे चालत निघणाऱ्याला दोन कागद लागू शकतात. अर्ध्या वाटेत कागद संपला, असे होऊ नये म्हणून हे आधी पाहावे.

पूर्वी हे नकाशे मिळवणे जिकिरीचे काम होते. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने नागरिकांसाठी ओपन सिरीज नावाची वेगळी मालिका ठरवून दिली. तिचे क्रमांक जुन्याहून वेगळे आहेत. २०१७ साली हे नकाशे विभागाच्या संकेतस्थळावरून उतरवून घेण्याची सोय झाली आणि २०२१ मध्ये नकाशांविषयीचे नियम आणखी सैल झाले. आता अडचण नकाशा मिळण्याची नाही, वाचण्याची आहे.

प्रमाण साधारणतः एकास पन्नास हजार. कागदावरचे दोन सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर. नाल्याच्या काठाने जाणारी वळणदार वाट मोजायची असेल, तर शिवणाचा दोरा वाटेवर वळणावळणाने ठेवा, मग सरळ करून पट्टीवर मोजा. सरळ रेषेत सहा किलोमीटर वाटणारे अंतर चालताना आठ निघते, ते घरी बसल्या कळते.

रंगांची भाषा सोपी आहे. तपकिरी रेषा उंचीच्या. हिरवा रंग झाडीचा, पिवळा शेतीचा, लाल वस्तीचा आणि मोठ्या रस्त्यांचा. पाण्याचा निळा. पण इथे एक बारकावा आहे. वर्षातला बराच काळ कोरडा राहणारा नाला निळ्या नव्हे, काळ्या रेषेने दाखवतात. काळी नागमोडी रेषा पाहून पुष्कळ जण तिला पायवाट समजतात. भातकुलीकडच्या कागदावर अशा काळ्या रेषांचे जाळे आहे. पेन्सिल घेऊन आधी तेवढ्याच रेषा गिरवा. तुमच्या वाटेला त्या किती ठिकाणी छेदतात ते मोजा. तितक्या ठिकाणी पावसाळ्यात तुम्हाला थांबावे लागू शकते.

उंचीच्या रेषा, ज्यांना समोच्च रेषा म्हणतात, त्या या प्रमाणावर दर २० मीटरला एक असतात. पूर्णा-पेढीच्या खोऱ्यात जमीन इतकी सपाट आहे की दोन रेषांमध्ये बरेच अंतर पडते. नवशिका म्हणतो, इथे काही नाही. पण २० मीटरपेक्षा लहान गोष्ट या रेषांच्या चिमटीत सापडतच नाही. काळ्या मातीत तीन-चार मीटर खोल कापलेला नाल्याचा काठ रेषांत दिसणार नाही. तो शोधायचा असेल, तर काठाशेजारी लिहिलेला छोटा आकडा आणि त्यापुढचे इंग्रजी 'आर' हे अक्षर पाहा. '४ आर' म्हणजे तिथे चार मीटरचा फरक आहे. एवढासा आकडा कित्येकांचा फेरा वाचवतो.

नकाशाची दिशा आणि आपली दिशा

नकाशा हातात धरला आणि वाचायला सुरुवात केली, असे चालत नाही. आधी तो जमिनीशी जुळवावा लागतो. नकाशातली उत्तर आणि जमिनीवरची उत्तर एका रेषेत आणायची. होकायंत्र असेल तर उत्तम. विदर्भात होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक एका अंशाहूनही कमी आहे, तेव्हा पायी चालणाऱ्याने त्याची चिंता करू नये. मात्र विजेच्या तारा, ट्रॅक्टर आणि खिशातला मोबाइल यांच्यापासून दूर उभे राहावे.

होकायंत्र नसेल तर सूर्य आहे. काठी उभी रोवा. दुपारी तिची सावली सर्वांत आखूड होते, तेव्हा ती उत्तर-दक्षिण असते. पण घड्याळाचे बारा म्हणजे आपली दुपार नव्हे. आपले घड्याळ ८२.५ अंश रेखावृत्ताचे आणि आपण त्याच्या पाच अंश पश्चिमेला. त्यामुळे भातकुलीची खरी दुपार सुमारे १२ वाजून २० मिनिटांनी होते आणि ऋतूप्रमाणे पंधरा-सतरा मिनिटे मागेपुढे सरकते.

दुसरा बारकावा याहून महत्त्वाचा. दुपारची सावली उत्तरेला पडते, असे शाळेत शिकवतात. आपल्याकडे हे वर्षातले जवळजवळ दहा महिनेच खरे आहे. भातकुली कर्कवृत्ताच्या दक्षिणेला, सुमारे २१ अंशांवर आहे. मेअखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत दुपारचा सूर्य आपल्या डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, म्हणून सावली दक्षिणेकडे पडते. जूनमध्ये भर दुपारी सावलीवरून उत्तर ठरवणारा नेमका उलट चालू लागेल. त्या दिवसांत सकाळ-संध्याकाळच्या सूर्यावर विसंबावे.

रात्री ध्रुवतारा. तो क्षितिजापासून जितके अंश वर, तितके आपले अक्षांश. म्हणजे आपल्याकडे २१ अंश. हात लांब करून धरलेली मूठ साधारण दहा अंश झाकते. तेव्हा क्षितिजावर एकावर एक दोन मुठी ठेवा, त्यांच्या माथ्याशी ध्रुव सापडेल.

दिशेनंतर अंतर. त्यासाठी आपले पाऊल मोजलेले असावे. महामार्गावरच्या दोन किलोमीटर-दगडांमध्ये नेहमीच्या चालीने चालून पावले मोजा. हा आकडा आयुष्यभर उपयोगी पडतो. कुमाऊँचा नैनसिंह रावत हा सर्वेक्षण विभागाचा माणूस १८६५ साली निघाला आणि यात्रेकरूच्या वेषात ल्हासापर्यंत पोहोचला. त्याच्या जपमाळेत १०८ ऐवजी १०० मणी होते. दर शंभर पावलांना एक मणी. तिबेटच्या वाटा त्याने अशा पावलांनी मोजल्या. आपल्याला तर फक्त पुढच्या पांदणीच्या फाट्यापर्यंत मोजायचे आहे.

नकाशा जे सांगत नाही

आता सर्वांत महत्त्वाचा भाग. नकाशा वाचता येणे म्हणजे त्याचे मौनही ओळखता येणे.

टोपोशीटवर विहीर दिसते. छोटेसे वर्तुळ. पण पाणी गोडे की खारे, हे वर्तुळ सांगत नाही. भातकुली, दर्यापूर, अंजनगाव हा सारा भाग पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात येतो. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत हा पट्टा पसरलेला आहे. इथल्या भूजलात क्षार आहेत. कोकणातल्या किंवा पुण्याकडच्या चालणाऱ्याने नकाशातली विहीर पाहून पाण्याची बाटली कमी भरली, तर तो इथे फसेल. या मुलखात नियम एकच. पाणी घरूनच न्यावे, आणि वाटेतली विहीर ही फक्त ठिकाण ओळखण्याची खूण समजावी.

जमीन वाळलेली आहे की ओली, हेही नकाशा सांगत नाही. उन्हाळ्यात ज्या पांदणीवरून माणूस सुखाने जातो, तिथेच आषाढात गारा चपलेला धरून ठेवतो. चार पावलांत पायाला पायलीभर माती चिकटते. नकाशावर अंतर तेवढेच, वेळ मात्र दुप्पट.

मग येतो काळाचा प्रश्न. नकाशाच्या कडेला पाहणीचे वर्ष छापलेले असते, ते आधी वाचा. पेढी नदीवरच्या निम्न पेढी प्रकल्पासाठी भातकुली तालुक्यातल्या काही गावांचे पुनर्वसन हाती घेतले गेले. जुन्या कागदावर ती गावे जुन्या जागीच असतील. मूर्तिजापूर-अचलपूर 'शकुंतला' रेल्वेची रेषा नकाशात आहे, पण गाडी काही वर्षांपासून बंद आहे. चालणाऱ्याला त्या रुळांचा उपयोग खूण म्हणून होतो, प्रवासासाठी नाही. अमरावती जिल्ह्यातून जाणारा समृद्धी महामार्ग जुन्या कागदांवर नाहीच. त्याचा नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला. त्याला दोन्ही बाजूंनी कुंपण आहे. जुन्या नकाशातली सरळ पायवाट तिथे अडते आणि खालून जाणारा बोगदा शोधत फिरावे लागते.

नावांचाही घोळ असतो. खुर्द आणि बुद्रुक अशी जोडगावे असतात, तेव्हा पूर्ण नाव वाचा आणि विचारतानाही पूर्ण नाव घ्या. काही नावे उजाड गावांची असतात. महसुलाच्या दप्तरात त्यांना रिठ म्हणतात. नकाशावर नाव, जमिनीवर फार तर एक मारुती आणि चिंचेचे झाड. मुक्कामासाठी असे नाव निवडले, तर रात्र त्या चिंचेखाली काढावी लागेल.

मोबाइलचे काय, असे तुम्ही विचाराल. मोबाइल जरूर न्यावा. रेंज नसली तरी तो आकाशातल्या उपग्रहांवरून आपले ठिकाण सांगू शकतो, पण त्यासाठी नकाशा आधीच उतरवून ठेवलेला असला पाहिजे. आणि ठिकाण कळणे म्हणजे वाट कळणे नव्हे. तो निळा ठिपका सांगतो, तुम्ही इथे आहात. तुमच्या आणि गावाच्या मधे चार मीटरचा कडा आहे की नाही, हे टोपोशीट सांगते. आणि तुमच्या पायाखालची वाट सार्वजनिक आहे की कोणाच्या वावरातली, हे गावनकाशा सांगतो.

सपाटीचा धडा, डोंगराची परीक्षा

भातकुलीत शिकलेले हे वाचन जिल्ह्याच्या उत्तरेला गेल्यावर पणाला लागते. मेळघाटाच्या कागदावर, ५५ जी वर, तपकिरी रेषा इतक्या दाट होतात की कागदच तपकिरी दिसतो. चिखलदऱ्याजवळचे बैराट शिखर सुमारे ११७५ मीटर उंच आहे. इथे रेषांचा आकार वाचायचा. रेषांचा कोन उंच बाजूकडे टोक करून असेल, तर तो नाला. उतरत्या बाजूकडे फुगवटा असेल, तर ती डोंगराची सोंड. एका सेंटिमीटरमध्ये पाच रेषा ओलांडाव्या लागत असतील, तर अर्ध्या किलोमीटरमध्ये १०० मीटर चढ आहे, म्हणजे श्वास लागणार.

वेळेचा अंदाज काढायला एक जुना ठोकताळा आहे. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने तो १८९२ साली मांडला. सपाटीवर तासाला पाच किलोमीटर धरा आणि दर १०० मीटर चढाला दहा मिनिटे जोडा. सहा किलोमीटरची वाट आणि ४०० मीटर चढ असेल, तर सव्वा तास अधिक चाळीस मिनिटे, म्हणजे जवळजवळ दोन तास. आपल्या उन्हात आणि पाठीवर ओझे असताना यात आणखी भर घालावी. आणि सूर्यास्ताची वेळ याच हिशेबात धरावी.

इथेही नकाशाचे मौन ओळखायला हवे. जंगलातली तुटक रेषा म्हणजे जाण्याची परवानगी नव्हे. मेळघाट हा १९७३-७४ मध्ये जाहीर झालेल्या देशातल्या पहिल्या व्याघ्र प्रकल्पांपैकी एक. नकाशात वाट असली तरी वनखात्याला विचारल्यावाचून तिथे पाऊल टाकू नये.

निघण्याआधीचा अर्धा तास

मग निघण्याआधी नेमके काय करायचे? अर्धा तास काढा. तिन्ही नकाशे समोर ठेवा. त्यांच्यावरची वर्षे वाचा. टोपोशीटवर वाट गिरवा आणि तिचे तुकडे पाडा: देवळापासून नाल्यापर्यंत, नाल्यापासून शिवेच्या दगडापर्यंत, तिथून गावठाणापर्यंत. प्रत्येक तुकड्याचे अंतर, दिशा आणि वेळ शेजारी लिहा. प्रत्येक तुकड्यासाठी एक राखणदार खूण ठरवा, म्हणजे जिच्यापुढे गेलो तर चुकलो हे कळेल अशी: नदी, डांबरी रस्ता, विजेची मोठी लाइन. कुठून परत फिरायचे तेही आधीच ठरवा. हा कागद खिशात ठेवा आणि त्याची दुसरी प्रत घरी ठेवून जा, म्हणजे उशीर झाला तर शोधणाऱ्याला कुठे पाहायचे ते कळेल.

मग गावातल्या जाणत्या माणसाला विचारा. नकाशा वाचलेला माणूस प्रश्नही नेमके विचारतो. "वाट कोणती?" असे न विचारता तो म्हणतो, "काका, नकाशात या नाल्यापलीकडं जुनी पांदण दिसते, ती चालू हाय का?" या प्रश्नाला काका थांबून, विचार करून उत्तर देतात. कागदाची साक्ष आणि माणसाची साक्ष जुळली की पाऊल टाकावे. न जुळली, तर फेऱ्याची पण पक्की वाट धरावी.

हे शिकायला कोणी खास गुरू लागत नाही. गावच्या शाळेच्या भिंतीवर गावनकाशा आणि त्या भागाचे टोपोशीट शेजारी शेजारी लावले, तरी पुष्कळ होईल. सहावी-सातवीची मुले एका रविवारी गुरुजींबरोबर शिवेवरून फिरून आली, नकाशातली प्रत्येक पांदण जमिनीवर आहे की नाही याची खूण करत आली, तर त्यांना भूगोल कळेल आणि गावाला आपल्या वाटांचा हिशेब मिळेल. ज्या पांदणींवर खूण होणार नाही, त्यांची यादी ग्रामसभेपुढे ठेवावी. वाट वाचवण्याचे काम त्या यादीपासून सुरू होते.